हातगुण

"व्हा बाहेर सगळे! दाजींना जरा हवा येऊ द्या," म्हणत सावळीरामनं माणसं ओट्यावर पिटाळली, दार लोटलं आणि दाजींच्या जिभेवर झोपेची गोळी ठेवली. एकलहऱ्याच्या पावरहाऊसला रातपाळी करणाऱ्याच्या खिशात ती असतेच.

दाजी म्हणजे पुंजाराम, सावळीरामच्या बहिणीचा, फुलाबाईचा नवरा. द्राक्षाच्या मांडवावरून पडून बरगड्या मोडून घेतलेला. दिंडोरीच्या डॉक्टरांनी दुखण्यावर जालीम गोळ्या दिल्या होत्या आणि बजावलं होतं, "दम्याचा माणूस आहे. यावर दुसरं काही देऊ नका, श्वास बंद पडेल." पण आजाऱ्याला भेटायला जायचं आणि काहीच उपाय करायचा नाही, ही कुठली माणुसकी?

थोड्या वेळानं शेजारच्या गेणूलाही हवेची काळजी वाटली. तो आत जाऊन आला, तेव्हा त्याच्या उपरण्याला पहिल्या धारेच्या दारूचा वास मारत होता. मग पुंजारामची आत्या चंद्रभागा अफूच्या बोंडांचं पाणी पदराखाली घेऊन गेली.

पुंजारामचं कण्हणं थांबलं.

"हातगुण लागतो बरं का," सावळीराम ओट्यावर ऐसपैस बसला.

"ज्याचा त्याचा," गेणू मिशीत हसला.

"मेल्यांनो, तुम्हाला कशाचा आलाय हातगुण!" आत्यानं दोघांना उडवून लावलं.

आत घोरणं सुरू झालं. एकदा घोरला. मग इतका वेळ काहीच नाही की गेणूच्या हातातली काडी विझली. मग पुन्हा एकदा. सावळीराम पुढच्याची वाट बघत बसला. वाट लांबत चालली.

"दादा, यांचे ओठ निळे पडले रे!" नवऱ्याला बघायला आत गेलेली फुलाबाई ओरडली.

निरोप मिळताच आलेले डॉक्टर लुना टाकून धावतच आत आले. पुंजारामची पापणी उचलली. बाहुली मोहरीएवढी.

"काय पाजलंत? खरं सांगा. कळलं तर वाचवता येईल."

सावळीरामच्या ओठांवर गोळीचं नाव आलं. त्यानं गेणूकडं पाहिलं. गेणूनं आढ्याकडं. आत्या बांगड्या सारत राहिली. बहिणीचं कुंकू आपल्या हातानं पुसलं म्हणून गाव बोट दाखवेल.

"चहा," सावळीराम म्हणाला.

"हां, चहाच," गेणू म्हणाला.

"त्यो बी बिनसाखरेचा," आत्या म्हणाली.

नवऱ्याचे तळवे चोळणाऱ्या फुलाबाईनं मान वर केली.

"चहा? सकाळपासून या घरात चूल नाय पेटली."