भुलीत बोललेलं

भंडाऱ्याच्या दवाखान्यात माझं पित्ताशयाचं ऑपरेशन होतं. माझं स्ट्रेचर बाहेर आलं, तेव्हा थोरली जाऊ सत्यभामाबाई सुना-लेकांसह दाराशी उभी होती. मी डोळे मिटूनच, आयुष्यात पहिल्यांदा, तिला अगंतुगं केलं.

"काहून वं सत्यभामे, गोठ्याचं फाटक तुनं उघडं ठेवलं, म्हशीनं रोवणीचे धानाचे पऱ्हे खाल्ले, अन् नाव माह्यं सांगितलं? नवी सून होती मी. वर्षभर माहेरी बसा लागलं मले."

"भुलीच्या इंजेक्शननं बरळून राहिली," जाऊ घाईनं म्हणाली.

"भुलीत माणूस खोटं नाही बोलत, आई," तिचा लेक म्हणाला. सुना तिच्याकडेच पाहत होत्या.

&nbsp;

माझा बीपी वाढला म्हणून ऑपरेशन पुढं ढकललं होतं; शिरेतून द्यायचं ते भुलीचं दुधासारखं औषध डॉक्टरांनी मला दिलंच नव्हतं.