खिशातला हात

चाकणच्या कारखान्यात प्रेसखाली शफीची डाव्या हाताची दोन बोटं गेली, तेव्हा चूक त्याचीच ठरवून कंपनीनं हात झटकले. "वरच्या साहेबांनी लिहिलंय रे, माझा नाइलाज आहे," म्हणत सुपरवायझर गणराज सर तेवढे त्याच्या गळ्यात पडून रडले होते.

चार वर्षांनी चिंचवडला सरांच्या कवितासंग्रहाचं प्रकाशन झालं. डावा हात खिशात खुपसून सरांनी कविता वाचली, 'माझी दोन बोटं'. आपल्या माथी चूक मारणाऱ्या साहेबाला त्यांनी असे काही शिव्याशाप दिले, की बायकांनी डोळ्यांना पदर लावले.

"अहो, सरांचीपण बोटं गेली होती?" शेजारी बसलेल्या शफीला त्याच्या बायकोनं, कनीजनं विचारलं.

शफीनं नकारार्थी मान हलवली. तरी, आपल्यासाठी रडला होता माणूस, म्हणून तो पुस्तकावर सही घ्यायला गेला. सरांचा हात अजून खिशातच, त्यामुळे पुस्तक शफीनंच तीन बोटांनी धरलं. सरांनी झोकात सही केली, लांब शेपूट आणि त्याखाली दोन टिंबं.



अपघाताच्या अहवालात, 'चूक कामगाराची' या ओळीखाली, शफी चार वर्षं वरच्या साहेबांची सही समजून तीच शेपूट, तीच दोन टिंबं बघत आला होता.