चढत की एकदम?

प्रसेनजीतच्या डोक्यावर फेटा चढला तसं सगळं सभागृह उभं राहिलं. शेवटच्या रांगेत डॉ. संघमित्रा कांबळे तेवढी बसून होती. पुढून आईनं वळून बघितलं, तेव्हा ती उठली आणि वाजवायच्या म्हणून दोन टाळ्या वाजवल्या.

प्रसेनजीत तिचा धाकटा भाऊ. मायग्रेन, पक्षाघात आणि मेंदूची इजा यांवरच्या संशोधनासाठी परदेशात नाव कमावलेला. २००३च्या हिवाळ्यात तो आला आणि कोल्हापूरच्या डॉक्टरांनी त्याचा सत्कार ठेवला. संघमित्राचा मंगळवार पेठेत दवाखाना होता. खोकला, ताप, जुलाब. तिचा सत्कार कोण करणार?

बारावीला जास्त मार्क तिलाच होते. दोघंही डॉक्टर झाले, ती मिरजेला, तो मुंबईला. पुढं शिकायची वेळ आली तेव्हा वडील म्हणाले, "एकानं घर बघाय पायजे की." ते एक कोण, हे विचारायची गरजच नव्हती. नंतर वडिलांना लकवा मारला. त्यांचं हगणंमुतणं सहा वर्षं तिनं काढलं. आणि लकव्यावरचा प्रबंध प्रसेनजीतनं वडिलांना अर्पण केला. त्या दिवशी आईनं गल्लीत पेढे वाटले. संघमित्रानं आपला पेढा मांजराला घातला.

तेव्हापासून ती त्याचा प्रत्येक लेख मिळवून वाचत होती. एक तरी चूक सापडावी म्हणून.

मंचावर प्रसेनजीत सोप्या भाषेत सांगत होता. मायग्रेनमध्ये मेंदूवरून एक लाट सरकते, अगदी सावकाश. म्हणून काहींना आधी डोळ्यांपुढं नागमोडी रेघा दिसतात, मुंग्या बोटांतनं हळूहळू वर चढतात, मग डोकं धरतं. लाट ओसरली की माणूस पहिल्यासारखा. पण रक्तपुरवठा तुटलेल्या किंवा मार लागलेल्या मेंदूत तशीच लाट उठली, तर ती पेशी मारत जाते. लोक माना डोलवत होते. संघमित्रा त्यात चूक शोधत होती.

एवढ्यात त्यानं पाण्याचा पेला उचलला आणि तो हातातनं निसटला. त्यानं उजव्या हाताकडं बघितलं. हात टेबलावर लोळागोळा पडला होता.

"घाबरू नका," तो म्हणाला. जीभ जड झाली होती. "मायग्रेन. माझं जुनंच दुखणं. जरा दिवे... कमी करा."

अध्यक्ष हसून म्हणाले, "मायग्रेनचं सरांना कोण सांगणार?" सभागृहात हशा पिकला. दिवे मंद झाले.

संघमित्रा ताडकन उठली आणि भराभरा मंचावर गेली.

"बाळ्या, हात कसा गेला? मुंग्या चढत आल्या, का एकदम?"

"आक्का, बस खाली. मला... कळतंय."

"चढत की एकदम?"

त्यानं बोलायला तोंड उघडलं. ओठाचा उजवा कोपरा खाली ओघळला होता.

"...एकदम."

"मग चुकलास तू!"

माईक चालू होता. तिचा आवाज सभागृहभर घुमला, आणि त्यातला आनंद तिला स्वतःलाच ऐकू आला. "हे मायग्रेन न्हाई. लकवा हाय. गाडी काढा!"

गाडी निघाली. स्कॅन झाला. मेंदूतल्या गुठळीवरचं इंजेक्शन वेळेत पडलं. मेंदूचे डॉक्टर म्हणाले, "मॅडम, तुम्ही नसता तर सगळे त्याला अंधारात निजवून बाहेर चहा पीत बसले असते."

हातापायांत हळूहळू जोर आला. वाटेत गेलेली वाचा मात्र आली नाही. तो कोडोली गावातल्या आईच्या घरी अंगणात खुर्ची टाकून बसायचा. वर्तमानपत्र उघडायचा आणि अक्षरांकडं नुसता बघत राहायचा. पेला हवा असला की बोट दाखवायचा. गाव भेटायला लोटलं. आई प्रत्येकाला सांगायची, "माज्या लेकीनं वाचवला. खरी डॉक्टर तीच हाय."

हे वाक्य ऐकायला संघमित्रानं उभा जन्म काढला होता. आता ते कानावर आलं की ती उठून आत जायची.

दवाखाना बंद करून ती रोज कोडोलीला यायची. चित्रांचे पत्ते मांडायची. गाय. घर. चूल. बोल, बाळ्या. एके दिवशी त्यानं सगळे पत्ते हातानं उधळून दिले आणि तोंड भिंतीकडं फिरवलं.

संघमित्राचा पारा चढला.

"इकडं बघ! माया हाय म्हणून आले व्हते व्हय रं त्या दिवशी? तू चुकावास म्हणून आले. चारचौघांत तुजं नाक कापायला आले. लहानपणापासनं जळतेय मी तुज्यावर. त्या जळण्यावर शिकले, त्यावरच दिवस काढले. आणि आता तू असा गाडग्यावाणी बसलास, तर मी करू काय?" तिचा आवाज फाटला. "ऊठ. बोल. लिही. मला अजून जळायचंय तुज्यावर."

चुलीपुढं आई थिजली. संघमित्रा पदरात तोंड खुपसून रडत होती.

प्रसेनजीत सावकाश वळला. त्यानं बहिणीकडं बघितलं. ओठ हलले, अडले, पुन्हा हलले. वाकड्या तोंडावर हसू फुटलं.

"जळ की, आक्का."