माईंच्या ओट्याजवळची घंटा

निवृत्त शिक्षिका चंदनाताई एकट्या राहत म्हणून लेकानं बिनतारी अलार्म बसवला. मेकॅनिक म्हणाला, "मावशी, चोरानं सिग्नल अडवला तर ह्यो मुका हाय. दारापासनं थेट वायर टाकून एक घंटा शेजारी जोडूया की." शेजारच्या माईंशी कुंपणावरून तीन वर्षं अबोला होता. तरी चंदनाताई विचारायला गेल्या. माई एवढंच म्हणाल्या, "ओट्याजवळ लावा की, ऐकू येईल." पंधरवड्यानं चंदनाताई लग्नाला पेठ वडगावला गेल्या असताना चोरांनी भरदुपारी सिग्नल अडवून कुलूप तोडलं. अलार्म गप्पच राहिला, पण माईंच्या स्वयंपाकघरात घंटा खणखणली. त्यांनी ओरडून गल्ली गोळा केली आणि चोर पळाले. संध्याकाळी चंदनाताई परतल्या, तेव्हा माई त्यांच्या पायरीवर बसून होत्या. "घर उघडं टाकून कशी जाऊ?" चंदनाताईंनी चहा केला आणि माईंच्या कपात न विचारता दोन चमचे साखर घातली.