ओले कोपरे

सन बहात्तर. सोनईच्या आमच्या वाचनालयात एका मध्ययुगीन वेदान्तग्रंथाची शिळाछाप प्रत होती. पहिली आवृत्ती! आणि कुणीतरी थुंकी लावून तिची पानं उलटत होतं.

कपाटाला कुलूप, किल्ली माझ्या जानव्याला. तरी रोज सकाळी पुढच्या पानाचा कोपरा ओला.

झाडणाऱ्या बनुबाईवर मी खेकसलो.

"मला कुटं वाचाया येतंय, मास्तर?"

सोमवारी पुण्याचे पंडित प्रत पाहायला येणार. वैतागून मी उरलेल्या पानांच्या कोपऱ्यांना मिरचीपूड चोळली, कुलूप घातलं आणि समोरच खुर्ची टाकून बसलो.

भर दुपारी बंद कपाटातून ठसका आला.

मी जानव्याची किल्ली मुठीत घट्ट धरली. बनुबाईनं झाडू ठेवला, माठातून तांब्या भरला.

"आता तरी किल्ली द्या, मास्तर. पानी देते त्यान्ला."