वहिनींचा गुडघा

"हा चुंबकाचा पट्टा गुडघेदुखी, पाठदुखी, निद्रानाश, पित्त आणि चिडचिड, सगळं घालवतो," दुकानदार म्हणाला.

"चिडचिडसुद्धा?" वन्संनी विचारलं. "मग वहिनी, दादासाठी दोन घे."

वहिनींनी हसू दाबलं आणि लंगडत दुकानाबाहेर आल्या. मागून दुकानदार अर्ध्या किमतीत देतो म्हणत होता. "जो एवढ्यात अर्ध्यावर आला, त्यानं आधी काय सांगितलं असेल," असं म्हणत वन्संनी त्यांचा हात धरला. दोघी एकमेकींच्या आधारानं पायऱ्या उतरल्या.

गेली कित्येक वर्षं या नणंद-भावजया संध्याकाळी तळ्यापर्यंत चालत जात. तिथल्या बाकावर बसून दुनियेची उणीदुणी काढायची आणि दिवे लागायच्या आत परतायचं. थंडी सुरू झाली तशी एका संध्याकाळी फाटकापाशीच वहिनी मटकन बसल्या. "वन्सं, आज नको. माझा गुडघा." त्या दिवसापासून तळं सुटलं. वन्सं म्हणाल्या, "मला काय त्याचं, तळं कुठं पळून जातंय?" पण संध्याकाळ झाली की खिडकीची चौकट धरून त्या रस्त्याकडे बघत उभ्या राहात. ते बघता बघता वहिनींचा चहा कपातच निवून जाई. काहीही करून ते फिरणं परत सुरू व्हायला हवं होतं.

वन्सं म्हणजे शाळेतल्या खेळाच्या बाई. पाय मुरगळला म्हणून कुणी मुलगी बसली की त्यांचं ठरलेलं वाक्य असे, "काही होत नाही, ऊठ." वहिनी लग्न होऊन आल्या तेव्हा या धाकट्या नणंदेनंच त्यांना साडी खोचायला लावून सायकल शिकवली होती. पडल्यावर रडूसुद्धा दिलं नव्हतं.

दुसऱ्या दुकानात एक खुर्ची होती. ती मान दाबत होती, पोटऱ्या दाबत होती आणि मधूनच गाणं म्हणत होती. किंमत ऐकून वहिनी ताडकन उठल्या. "एवढ्यात माणूस दाबायला ठेवता येईल," वन्सं म्हणाल्या.

तिसरं दुकान चिंचोळं होतं. गल्ल्यावरच्या बाईंनी शेकाचा साधा पट्टा काढला. "आराम पडेल," त्या म्हणाल्या. "गुडघा नवा होणार नाही. आधी डॉक्टरांना दाखवलंत का? नसेल तर दाखवून या, मी कुठं जात नाही."

"ही बाई धंदा कशी करते देव जाणे," रस्त्यावर आल्यावर वन्सं म्हणाल्या.

"म्हणूनच इथंच घ्यायचा," वहिनी म्हणाल्या.

डॉक्टरांकडे वहिनींनी हट्ट धरला, "आधी वन्संना तपासा. मला एकटीला भीती वाटते." वन्संनी कपाळावर हात मारला, पण पाय पुढं केला. डॉक्टरांनी दोघींचे गुडघे वाकवून पाहिले आणि शेक व हलका व्यायाम दोघींनाही चालेल, असं सांगितलं.

पट्टा घरी आला. किंमत महिन्याच्या किराण्याहून कमी, वर पंधरा दिवसांत परत करायची मुभा.

"तुम्ही आधी लावून बघा वन्सं. मला चटका बसला तर?"

"भित्री भागूबाई," म्हणत वन्संनी पट्टा बांधला. मग पाय लांब करून त्यांनी भिंतीला पाठ टेकली.

"कसं वाटतंय?"

"ठीक आहे. वाटीच्या खाली, आतल्या बाजूला छान शेक बसतो. तुला तिथंच दुखत असेल."

"तिथंच हो. अगदी तिथंच."

पट्टा वन्संच्याच खोलीत राहिला, कारण वहिनींच्या म्हणण्याप्रमाणे 'हे' बघून थट्टा करतील. रोज ऊब बघायचं काम वन्संकडे. व्यायामाचंही तेच. वहिनींना एक पाय उचलायला सांगितला तर त्या दुसरा उचलत, म्हणून वन्संना शेजारी बसून सगळं करून दाखवावं लागे. "साठी उलटली तरी हिला डावं-उजवं कळत नाही," त्या कुरकुरत आणि पुन्हा पाय उचलत.

एके दिवशी वहिनी चहाचे कप विसळत होत्या. मागून बुटांचा आवाज आला.

"चल," वन्सं दारात उभ्या होत्या. "कोपऱ्यापर्यंत तरी. तुझ्यासाठी हळू चालेन."

कोपरा झाला. काही दिवसांनी पूल झाला. आणि आज तळं. शेवटच्या चढावर वन्सं पुढं गेल्या आणि मागं वळून कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "कासवसुद्धा तुझ्या आधी पोचलं असतं, वहिनी."

"कासवाला नणंद नसते," मागून लंगडत येणाऱ्या वहिनी म्हणाल्या. बाकावर बसून दोघी इतक्या हसल्या की शेजारचं जोडपं उठून दुसरीकडे गेलं. चार महिन्यांची उणीदुणी साठली होती. ती संपेपर्यंत दिवे लागले.

घरी आल्यावर वन्सं गुणगुणत आंघोळीला गेल्या. आभाळ भरून आलं होतं, गच्चीवर कपडे वाळत होते. वहिनींनी पदर खोचला, दोन-दोन पायऱ्या गाळत धावत वर गेल्या आणि कपड्यांचा ढीग घेऊन तशाच धावत खाली आल्या.

वर्तमानपत्राआडून नवरा हळू आवाजात म्हणाला, "अगं, तिचा गुडघा पुरता बरा होईपर्यंत सोंग टिकवायचंय ना? मग पाय तरी एक ठरव. सकाळी उजवा लंगडतेस, संध्याकाळी डावा."