टर्बोची शिट्टी

"शिट्टी आहे तशीच आहे!" गाडीतून उतरता उतरताच गाण्याचे मास्तर म्हणाले. "महिन्याभरात ही माझी तिसरी खेप आहे, मिस्त्री. तिसरी!"

मिस्त्रीने त्यांच्या ओठांकडे नीट पाहिलं, मान डोलावली आणि बॉनेट उघडलं. त्याची बायको नेहमीप्रमाणे त्याच्या समोर येऊन उभी राहिली. तिला सगळं गॅरेज वहिनी म्हणायचं.

मिस्त्रीचे कान दोन वर्षांपूर्वी पार गेले होते, आणि हे त्या दोघांशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. माणसांचं बोलणं तो ओठांवरून ओळखायचा. इंजिनांसाठी वहिनी होती. इंजिन खडखडलं की ती मूठ हलवायची, शिट्टी आली की बोट गोल फिरवायची, सगळं ठीक असलं की तळहात सपाट धरायची. गिऱ्हाइकांना वाटायचं, मिस्त्री उतारवयात अबोल झाला आणि वहिनीला हातवारे करायची खोड लागली. बहिऱ्या माणसाच्या हाती आपलं इंजिन कोण देईल? म्हणून हे झाकून ठेवलेलं.

मास्तरांची गाडी बावीस वर्षांची. दोन लिटरचं टर्बो डिझेल इंजिन, तीन लाख किलोमीटर पळालेलं. थंडीत सकाळी चालू व्हायला जरा कां कूं करायचं, पण एकदा तापलं की तक्रार नाही. आता मात्र ते चढावर दम टाकत होतं, मागे काळा धूर सोडत होतं, आणि मास्तर म्हणतात त्याप्रमाणे शिट्टी वाजवत होतं. पहिल्या खेपेला मिस्त्रीने एअर फिल्टर बदलला, दुसऱ्या खेपेला डिझेलचा. दोन्ही वेळा वहिनीने तळहात सपाट धरला होता. शिट्टी नाही म्हटल्यावर हवेच्या पाइपांकडे त्याने बघितलंसुद्धा नव्हतं.

"मास्तर, जरा रेस करा," वहिनी म्हणाली.

इंजिन गुरगुरलं. वहिनीने कानांत प्राण आणून ऐकलं. गुरगुर होती, पंख्याचा वारा होता, पट्टा सळसळत होता. शिट्टी काही नव्हती. ती तळहात सपाट करणार, तेवढ्यात तिचं लक्ष गाडीच्या खिडकीकडे गेलं. लिंबू चावल्यासारखं तोंड करून मास्तरांनी एका कानात बोट घातलं होतं.

"अहो वहिनी, शिट्टी काळी पाचच्या उंच पट्टीत किंचाळतेय! तुम्हाला खरंच ऐकू येत नाही?"

वहिनीची नजर दाराबाहेर गेली. समोरच्या झाडावरची पाखरं गेले काही दिवस गप्प गप्प होती. तिला वाटलं होतं, मांजर मागे लागलं असेल. पण पाखरं गातच असणार; बारीक, उंच आवाज आता तिच्याच कानांत शिरत नव्हते.

आता बोट फिरवलं असतं तर वेळ निभावून गेली असती. पण मिस्त्रीची नजर तिच्या हातांवर होती, आणि त्या हातांवर त्याने दोन वर्षांत एकदाही शंका घेतली नव्हती. तिने बोट स्वतःच्या कानाला लावलं आणि नकारार्थी मान हलवली. डोळे भरून आले ते आलेच. संपलं आता गॅरेज, तिला वाटलं, आणि तेही माझ्यामुळे.

मिस्त्रीने तिचं बोट पाहिलं, मान पाहिली. मग हसला. चक्क हसला!

"अगं, मग रडतेस काय वेड्यासारखी?" आवाजाचा अंदाज नसल्याने तो जरा मोठ्यांदाच बोलला. "माझे कान गेले तेव्हा मी रडलो होतो का?"

"तीन दिवस जेवला नव्हतात," ती डोळे पुसत म्हणाली.

"बरं, मग तू रडणं संध्याकाळपर्यंत आटप."

त्याने बाह्या वर सारल्या आणि मास्तरांना रेस धरून ठेवायची खूण केली. हवा दाबून भरणाऱ्या टर्बोकडून इंजिनाकडे जाणाऱ्या जाड रबरी पाइपाच्या कडेकडेने तो तळहात सरकवत गेला. वाकणाजवळ, क्लिपच्या खाली, हात थांबला. मग त्याने वहिनीचं मनगट धरलं आणि तिचा हात तिथे नेला. तान्ह्या बाळाने फुंकर मारावी तशी हवेची बारीक, गरम धार तिच्या बोटांना लागली.

"कळली?" त्याने विचारलं.

"कळली," ती म्हणाली.

गाडी बंद करून पाइप काढला, तर पोटाशी दोन बोटं लांब चीर, काळ्या तेलाने माखलेली. चढावर दाब वाढला की चीर फाकायची आणि हवा बाहेर पळायची. मग इंजिनाला दम कुठून येणार!

नवा पाइप बसवायला अर्धा तास लागला. मास्तरांचे कान तिखट. मघाचं दोघांचं बोलणं त्यांनी शब्दन् शब्द ऐकलं होतं. बाकावर बसून ते आता वहिनीच्या हातवाऱ्यांचा अर्थ लावत होते.

पाइप बसल्यावर मास्तरांनी पुन्हा रेस केली. सवयीने मिस्त्रीने वहिनीकडे पाहिलं. वहिनीने मिस्त्रीकडे पाहिलं. मग दोघंही मास्तरांकडे वळली.

"गेली का हो, मास्तर?" वहिनीने विचारलं.

मास्तरांनी डोळे मिटले आणि बराच वेळ ऐकलं.

"गेली," ते म्हणाले. मग खिडकीतून तोंड बाहेर काढून, मिस्त्रीला नीट दिसतील असे ओठ सावकाश हलवत, पुन्हा म्हणाले, "गे... ली."